मोटारीमागचे घर : ओढणारी मोटार व निवासी ट्रेलर यांचा मेळ

अमेरिका, ब्रिटन, जर्मनी इत्यादी देशांत उन्हाळ्याची सुट्टी सुरू झाली की महामार्गांवर एक विशिष्ट जोडी मोठ्या संख्येने दिसू लागते. पुढे कुटुंबाची नेहमीची मोटार असते आणि तिच्यामागे, एक किंवा दोन आसांवर चालणारे, एक छोटेसे घर जोडलेले असते. त्यात निजण्याची सोय, चूल, पाण्याची टाकी आणि बहुधा शौचकूपही असते. अमेरिकेत या घरास ‘ट्रॅव्हल ट्रेलर’ म्हणतात. ब्रिटनमध्ये त्याचे नाव ‘कॅरव्हॅन’ असे आहे. प्रस्तुत पुस्तिकेत आपण त्यास निवासी ट्रेलर किंवा नुसते ट्रेलर म्हणू.

या घराचा इतिहास मोटारीहून थोडा जुना आहे. विल्यम गॉर्डन स्टेबल्स या स्कॉटिश डॉक्टराने १८८५ मध्ये केवळ हौसेच्या प्रवासासाठी ‘वाँडरर’ नावाची घरगाडी बांधवून घेतली व घोडे जुंपून तो तीतून ब्रिटनभर फिरला. मोटारीच्या मागे जोडण्याच्या कॅरव्हॅन तेथे १९१९ पासून एकल्स या कारखान्यात तयार होऊ लागल्या. जर्मनीत आरिस्ट डेथलेफ्स याने १९३१ मध्ये असेच एक चाकांवरचे घर बांधले. व्यवसायानिमित्त त्यास सतत फिरावे लागे आणि आपल्या माणसांपासून दूर राहणे त्याला नको होते. अमेरिकेत वॉली बायम याची ॲल्युमिनियमच्या पत्र्याची ‘एअरस्ट्रीम क्लिपर’ १९३६ साली बाजारात आली.

अशा ट्रेलरसाठी मोटार कशी निवडावी, हा प्रश्न दिसावयास सोपा आहे. विक्रेता एक आकडा सांगतो : ‘ही मोटार तीन हजार किलोग्रॅम ओढू शकते.’ ट्रेलरच्या पत्रकावर त्याहून लहान आकडा छापलेला असला की ग्राहक निश्चिंत होतो. तथापि कुटुंब घेऊन निघणाऱ्या माणसाच्या बाबतीत हा आकडा क्वचितच निर्णायक ठरतो. मोटार किती ओढू शकते हे पाहण्यापूर्वी ती किती भार आपल्या अंगावर पेलू शकते आणि मागून येणारे वजन किती आवरू शकते, हे पाहावे लागते. त्याची कारणे यंत्रशास्त्राच्या साध्या नियमांत आहेत.

ओढक्षमतेचा आकडा कसा ठरतो

पूर्वी प्रत्येक कारखानदार आपापल्या रीतीने ओढक्षमता जाहीर करीत असे. त्यामुळे दोन मोटारींची तुलना करणे कठीण होते. अमेरिकेतील वाहन-अभियंत्यांच्या ‘एसएई’ या संस्थेने २००८ मध्ये ‘जे २८०७’ या नावाचे एक प्रमाण प्रसिद्ध केले व पुढील काळात बहुतेक अमेरिकी व जपानी कारखानदारांनी ते स्वीकारले. त्यातील एक कसोटी ॲरिझोना राज्यातील डेव्हिस डॅम या धरणाजवळच्या चढावर आधारलेली आहे. सुमारे अठरा किलोमीटर लांबीचा हा चढ किमान ३८ अंश सेल्सिअस तापमानात, मोटारीतील वातानुकूलन चालू ठेवून, ठरावीक वेगाखाली न येता चढावा लागतो. याशिवाय १२ टक्के चढावर थांबून पुन्हा निघणे, वळण घेणे व थांबणे यांच्याही कसोट्या आहेत.

या चाचण्या कठोर आहेत, यात शंका नाही. परंतु त्या घेताना मोटारीत फक्त चालक व एक प्रवासी आहे आणि जोडाच्या साहित्याखेरीज दुसरे फारसे सामान नाही, असे गृहीत धरलेले असते. तीन मुले, शिधा, सायकली आणि कुत्रा यांचा त्या हिशेबात समावेश नसतो. म्हणजे जाहीर झालेली ओढक्षमता ही जवळजवळ रिकाम्या मोटारीची क्षमता असते.

दांडीवरचा भार : गाडीवानाला ठाऊक असलेली गोष्ट

ट्रेलरच्या पुढच्या टोकाला एक दांडी असते आणि ती मोटारीच्या मागे बसविलेल्या लोखंडी गोळ्यावर टेकते. ट्रेलरच्या वजनाचा बहुतेक भाग त्याची स्वतःची चाके उचलतात. परंतु काही भाग या दांडीवाटे मोटारीवर येतो. त्यास आपण दांडीभार म्हणू.

हा भार शून्य का ठेवू नये, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. आपल्याकडील गाडीवानास त्याचे उत्तर अनुभवाने माहीत आहे. दोन चाकांच्या बैलगाडीत माल मागे जास्त झाला तर गाडी ‘उलाळ’ होते आणि जू वर उचलले जाऊन बैलांच्या गळ्याला ताण बसतो. माल पुढे जास्त झाला तर गाडी ‘धुरजड’ होते व सारा भार बैलांच्या खांद्यावर येतो. म्हणून शहाणा गाडीवान मालाची अशी मांडणी करतो, की जुवावर थोडासा भार राहील, पण फार राहणार नाही.

मोटारीमागच्या ट्रेलरमध्ये याला आणखी एक कारण जोडले जाते, ते म्हणजे वेग. जोड फिरता असल्यामुळे ट्रेलर हा आडवा टांगलेल्या लंबकासारखा वागतो. बाजूचा वारा किंवा शेजारून जाणारी मोठी मालमोटार यांचा धक्का बसला की त्याचे मागचे टोक एका बाजूस झुकते, टायरांचे घर्षण त्याला परत आणते, तो दुसऱ्या बाजूस जातो आणि अशी दोलने सुरू होतात. ट्रेलरचा गुरुत्वमध्य आसाच्या थोडा पुढे असेल तर ही दोलने दोन-तीन फेऱ्यांत विरून जातात. गुरुत्वमध्य आसाच्या मागे गेला तर ती विरण्याऐवजी वाढू शकतात.

वेगाचा प्रभाव असा, की वेग वाढेल तसतशी दोलने विरण्याची प्रवृत्ती कमी होत जाते. प्रत्येक जोडीला एक मर्यादा-वेग असतो. त्याच्या खाली धक्का जिरतो. त्याच्या वर प्रत्येक हेलकावा मागच्याहून मोठा होतो आणि शेवटी ट्रेलर मोटारीसह उलटू शकतो. मागे भरलेल्या जड सामानामुळे हा मर्यादा-वेग खाली येतो. ज्या ट्रेलरला ८० किलोमीटर वेगाने काहीही होत नाही, तोच १०० किलोमीटर वेगाने अनावर होतो, याचे कारण हेच.

या कारणास्तव अमेरिकेत दांडीभार ट्रेलरच्या भरलेल्या वजनाच्या १० ते १५ टक्के ठेवण्याची शिफारस केली जाते. युरोपात हे प्रमाण ५ ते ७ टक्क्यांच्या आसपास असते. तेथील ट्रेलर हलके असतात, जोडगोळ्यावर बहुधा ७५ ते १०० किलोग्रॅमच भार चालतो आणि वेगही कमी राखावा लागतो. जर्मनीत ट्रेलर जोडलेल्या मोटारीला ताशी ८० किलोमीटरची मर्यादा आहे. ठरावीक अटी पुऱ्या करणाऱ्या जोडीसच १०० किलोमीटरची परवानगी मिळते.

दांडीभार योग्य असणे पुरेसे नाही. सामानाची जागाही महत्त्वाची आहे. ट्रेलरच्या अगदी पुढे एक जड पेटी आणि अगदी मागे तितक्याच वजनाच्या सायकली ठेवल्या, तर दांडीभार बदलणार नाही. परंतु दोन टोकांना वजन असलेल्या व्यायामाच्या डंबेलप्रमाणे तो ट्रेलर एकदा फिरू लागला की थांबविणे कठीण होईल. म्हणून जड वस्तू जमिनीलगत आणि आसाजवळ, किंचित पुढच्या बाजूस ठेवाव्यात.

एका कुटुंबाचा हिशेब

आता मोटारीकडे वळू. कारखानदार प्रत्येक मोटारीसाठी कमाल एकूण वजन ठरवून देतो. त्यातून रिकाम्या मोटारीचे वजन वजा केले की जे उरते ती तिची वहनक्षमता होय. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या मोटारींच्या चालकाच्या दाराच्या चौकटीवर एक पट्टी चिकटविलेली असते आणि माणसे व सामान मिळून किती वजन ठेवता येईल, हे तीवर लिहिलेले असते. ज्या वस्तूचा भार मोटारीवर पडतो ती प्रत्येक वस्तू या वहनक्षमतेतून वजा होते. दांडीभारही त्यातून वजा होतो, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही.

समजा, एका मोटारीचे रिकामे वजन २,४६० किलोग्रॅम, कमाल एकूण वजन ३,१०० किलोग्रॅम आणि जाहीर ओढक्षमता ३,२७० किलोग्रॅम आहे. तिची वहनक्षमता ६४० किलोग्रॅम झाली. आता कुटुंब बसवू.

दोन प्रौढ माणसे : १५० किलोग्रॅम
तीन मुले : ११० किलोग्रॅम
मोटारीतील सामान : १०० किलोग्रॅम
जोडाचे लोखंडी साहित्य : ४५ किलोग्रॅम
एकूण : ४०५ किलोग्रॅम

दांडीभारासाठी २३५ किलोग्रॅम उरले. दांडीभार ट्रेलरच्या वजनाच्या १३ टक्के धरला, तर हे कुटुंब सुमारे १,८०० किलोग्रॅमचा ट्रेलर नेऊ शकते. विक्रेत्याने सांगितलेला आकडा ३,२७० होता. त्या आकड्यावर विसंबून कोणी तीन हजार किलोग्रॅमचा ट्रेलर घेतला, तर एकटा दांडीभारच ३९० किलोग्रॅम होईल आणि मोटारीवर तिच्या मर्यादेपेक्षा १५५ किलोग्रॅम अधिक वजन पडेल. इंजिन कदाचित तक्रार करणार नाही. पण मागील टायर, आस व स्प्रिंगा यांच्यावर त्यांच्यासाठी न ठरविलेला भार येईल.

ट्रेलरच्या बाजूनेही अशीच काळजी घ्यावी लागते. पत्रकात छापलेले वजन हे रिकाम्या घराचे असते. समजा ते १,५०० किलोग्रॅम आहे. त्यात दीडशे लिटर पाणी म्हणजे १५० किलोग्रॅम, गॅसची दोन भरलेली नळकांडी ३४ किलोग्रॅम, विद्युत्घट २५ किलोग्रॅम आणि अंथरूण, भांडी, शिधा व कपडे १५० किलोग्रॅम. बेरीज १,८५९ किलोग्रॅम होते. आपण १,८६० धरू. त्याचे १३ टक्के म्हणजे २४२ किलोग्रॅम. आपल्याजवळ २३५ च शिल्लक होते.

येथे एक उपाय आहे. मोटारीतील शंभर किलोग्रॅम सामान ट्रेलरमध्ये योग्य जागी हलविले, तर मोटारीचा भार शंभराने कमी होतो, मात्र दांडीवाटे त्यातला सुमारे तेरा किलोग्रॅम परत येतो. निव्वळ सत्त्याऐंशी किलोग्रॅमची सुटका होते. अर्थात ट्रेलरच्या स्वतःच्या कमाल वजनाची मर्यादा ओलांडली जात नाही ना, हे तपासले पाहिजे.

तरफेचा नियम

दांडीभार मोटारीच्या मागच्या टोकावर पडतो, आणि हे टोक मागील आसाच्याही मागे असते. म्हणून मागील आस येथे तरफेच्या टेकूचे काम करतो. समजा, मोटारीच्या दोन आसांतील अंतर ३ मीटर आहे आणि जोडगोळा मागील आसाच्या १.२ मीटर मागे आहे. गोळ्यावर २४० किलोग्रॅम भार ठेवला तर पुढील आसावरचा भार ९६ किलोग्रॅमने कमी होतो आणि मागील आसावरचा भार ३३६ किलोग्रॅमने वाढतो.

दिशा देण्याचे काम पुढील चाके करतात आणि थांबविण्याचे बहुतेक कामही त्यांचेच असते. ती हलकी झाली की मोटार ओल्या रस्त्यावर सुकाणूला नीट जुमानत नाही आणि रात्री दिव्यांचा झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर जातो. यावर इलाज म्हणून भारवाटप करणारा जोड वापरतात. त्यातील स्प्रिंगच्या दोन दांड्या ताणून बसविल्या म्हणजे मोटारीचे मागचे टोक उचलले जाते आणि काही भार पुढील चाकांवर व ट्रेलरच्या आसावर परत जातो. या जोडाने भाराची वाटणी सुधारते. कारखानदाराने ठरविलेल्या मर्यादा मात्र त्यामुळे वाढत नाहीत.

याच तरफेमुळे लांब मोटारीचा फायदा होतो. दोन आसांतील अंतर जितके मोठे आणि जोडगोळा मागील आसाला जितका जवळ, तितका ट्रेलरचा आडवा धक्का मोटारीस कमी जाणवतो. सारख्याच शक्तीच्या दोन मोटारींपैकी आखूड मोटार अधिक नाचविली जाते, ती यामुळेच.

चढ आणि वारा

वरील उदाहरणातील जोडीचे एकूण वजन सुमारे ४,७२५ किलोग्रॅम होते. ताशी ७२ किलोमीटर वेगाने सपाट रस्त्यावर जाताना टायरांचा विरोध व हवेचा विरोध मिळून सुमारे २५ किलोवॅट, म्हणजे ३४ अश्वशक्ती खर्च होते. त्याच वेगाने सहा टक्के चढ चढावयाचा झाल्यास, म्हणजे शंभर मीटर पुढे जाताना सहा मीटर वर चढावयाचे असल्यास, वजन उचलण्यासाठी आणखी ५५ किलोवॅट लागतात. एकूण गरज ८० किलोवॅटच्या घरात, म्हणजे तिपटीहून अधिक होते.

उंच प्रदेशात हवा विरळ असते. कोलोरॅडो राज्यातील आयझेनहॉवर बोगदा समुद्रसपाटीपासून सुमारे ३,४०० मीटर उंचीवर आहे. तेथे हवेची घनता समुद्रसपाटीच्या मानाने सुमारे ३० टक्के कमी असते आणि साध्या इंजिनाची शक्तीही जवळजवळ त्याच प्रमाणात घटते. दाब देऊन हवा भरणाऱ्या टर्बो इंजिनांत ही घट पुष्कळ अंशी भरून निघते.

वेगाची किंमत चढाहूनही फसवी असते. हवेच्या विरोधावर मात करण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ताशी ७२ ऐवजी १०८ किलोमीटर वेगाने गेल्यास वेग दीडपट होतो, पण हवेसाठी लागणारी शक्ती सुमारे ३.४ पट होते. ट्रेलरचे रुंद, सपाट तोंड पाहिले म्हणजे त्याचे नवल वाटत नाही. विजेवरच्या मोटारींचा अनुभवही हेच सांगतो. त्यांची ओढ जोरदार असते. परंतु उंच ट्रेलर मागे लावला की एका भरणीत कापावयाचे अंतर बहुधा निम्म्याच्या आसपास येते.

उतार : खरी परीक्षा

चढावर शक्ती कमी पडली तर मोटार हळू चालते, एवढेच. उतारावर आवर कमी पडला तर प्राणावर बेतते. उपर्युक्त बोगद्यातून पश्चिमेस सिल्व्हरथॉर्न गावाकडे जाणारा रस्ता ६०० मीटरांहून अधिक खाली उतरतो. ४,७२५ किलोग्रॅमची जोडी ६०० मीटर खाली आणताना जी ऊर्जा मोकळी होते, तिने सुमारे ८० लिटर पाणी सामान्य तापमानापासून उकळीपर्यंत तापविता येईल. यातील काही ऊर्जा हवा व टायर घेतात. उरलेली सर्व उष्णता ब्रेकांमध्ये साठू दिली, तर ते तापून निकामी होऊ लागतात. म्हणून उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गियर घालून इंजिनाच्या रोधाने वेग आवरावा आणि ब्रेकवर सतत पाय ठेवू नये.

ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असणे म्हणूनच आवश्यक आहे. युरोपात एकूण ७५० किलोग्रॅमहून अधिक वजनाच्या ट्रेलरला ब्रेक असावेच लागतात. तेथे बहुधा ट्रेलरचा पुढे येणारा रेटाच दांडीतून ब्रेक दाबतो. अमेरिकेत विजेच्या ब्रेकांचा प्रघात असून चालकाजवळच्या नियंत्रकाने ते स्वतंत्रपणेही लावता येतात. ट्रेलर हेलकावे घेऊ लागला तर गतिपेडलवरून पाय काढावा, सुकाणू स्थिर धरावे आणि केवळ ट्रेलरचे ब्रेक हाताने हलके लावावेत. मोटारीचे ब्रेक जोराने दाबणे, सुकाणू गरगरा फिरविणे किंवा वेग वाढविणे या तिन्ही गोष्टींनी संकट वाढते. दांडी निसटलीच तर एक तार ओढली जाऊन ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागावेत, अशीही योजना असते. ही तार व सुरक्षेच्या साखळ्या प्रत्येक प्रवासापूर्वी तपासल्या पाहिजेत.

निवडीचा क्रम

आतापर्यंतच्या विवेचनावरून निवडीचा क्रम सहज ठरविता येईल. प्रथम माणसे व सामान यांचे खरे वजन काढावे. नंतर मोटारीच्या पट्टीवरील वहनक्षमतेतून ते वजा करून दांडीभारासाठी काय उरते ते पाहावे व त्यावरून ट्रेलरचे कमाल भरलेले वजन ठरवावे. त्यानंतर जोडीचे एकूण वजन, प्रत्येक आसावरचा भार, जोडगोळ्याची मर्यादा आणि ओढक्षमता या सर्वांशी ते ताडून पाहावे. जी मर्यादा सर्वांत आधी गाठली जाते तीच खरी मर्यादा होय. ब्रिटनमध्ये नवशिक्यांना आणखी एक सोपा नियम सांगितला जातो : कॅरव्हॅनचे भरलेले वजन मोटारीच्या स्वतःच्या वजनाच्या ८५ टक्क्यांहून अधिक नसावे. हा कायदा नाही. परंतु मागच्या वजनाने पुढच्या वाहनावर कुरघोडी करू नये, हे त्यातील तत्त्व पक्के आहे.

शेवटी हा सारा हिशेब काट्यावर पडताळला पाहिजे. अमेरिकेत मालमोटारींच्या थांब्यांवर असे काटे असतात, की त्यांवर मोटारीचा पुढील आस, मागील आस व ट्रेलरचे आस यांची वजने वेगवेगळी मिळतात. सर्व कुटुंब मोटारीत बसवून, टाक्या भरून एकदा वजन करावे. नंतर ट्रेलर सोडून मोटारीचे पुन्हा करावे. दोन्ही वेळच्या मोटारीच्या आसांवरील वजनांच्या बेरजांत जो फरक येतो तो दांडीभार होय. मात्र भारवाटपाच्या दांड्या पहिल्या वेळी सैल ठेवाव्या लागतात.

आपल्या देशात अशा प्रवासाचा प्रसार अजून अल्प आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारले आहे. तथापि ट्रॅक्टरच्या मागे उसाच्या ट्रॉल्या आपण रोज पाहतो आणि साखर कारखान्याच्या दारात वजनकाटाही असतोच. घाटाच्या उतारावर भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरला पुढे ढकलू लागते तेव्हा वर सांगितलेलेच नियम काम करीत असतात. वाहन कोणतेही असो, इंजिनाची शक्ती पाहून हुरळून जाण्यापूर्वी त्याच्या अंगावर किती भार पडतो आणि उतारावर तो कोण आवरणार, हे दोन प्रश्न विचारावेत. ज्या मोटारीत मुले बसलेली आहेत तिच्या बाबतीत तर त्यांची उत्तरे घर सोडण्यापूर्वी, कागदावर आणि काट्यावर, मिळवलीच पाहिजेत.